ट्रक आणि ट्रेलर चोरीला जाऊ नयेत म्हणून: नव्या वाहनमालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पहिला ट्रक किंवा पहिला ट्रेलर घेतला की कर्जाचे हप्ते, विमा, परवाने, चालकाचा शोध आणि भाड्याची जुळवाजुळव यांत सुरुवातीचे महिने असे निघून जातात, की वाहनाच्या सुरक्षेचा विचार मागच्या दाराला लावलेल्या एका कुलपापाशीच थांबतो. मी मालवाहू वाहनांच्या यार्डाची आणि त्यांच्या सुरक्षेची व्यवस्था पाहतो. नवे मालक याबाबतचे प्रश्न बहुधा काहीतरी घडून गेल्यावरच विचारतात, म्हणून ही सगळी माहिती आधीच हाती असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घ्यावी. कोणतेही कुलूप अभेद्य नसते. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर हाती असलेला आणि निवांत वेळ मिळालेला माणूस जवळजवळ कोणतेही पोलाद कापू शकतो. म्हणून कुलपाने चोराचा वेळ खायचा, त्याला आवाज करायला भाग पाडायचे आणि तो वेळ संपण्याआधी तुम्हाला किंवा पहारेकऱ्याला खबर पोहोचली पाहिजे. एखादी वस्तू विकत घ्यायची की नाही, हे ठरवताना दोनच प्रश्न विचारावेत: तिने चोराचा वेळ किती वाढतो आणि तिने मला खबर किती लवकर मिळते? या दोन्हींपैकी काहीच साधत नसेल, तर ती वस्तू कितीही आकर्षक असली तरी तिच्यावर पैसे घालू नयेत.

१. नेमके काय चोरीला जाऊ शकते, ते वेगवेगळे मांडा

‘ट्रकची चोरी’ या एका नावाखाली निदान चार वेगळे प्रकार येतात. पूर्ण ट्रक चालवत नेणे हा पहिला प्रकार. उभा करून ठेवलेला ट्रेलर दुसऱ्याच घोड्याला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या ट्रकला, जोडून नेणे हा दुसरा. वाहन जागेवरच ठेवून आतला माल काढणे हा तिसरा. बॅटऱ्या, स्टेपनी, डिझेल किंवा इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिट असे सुटे भाग काढून नेणे हा चौथा. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. इंजिन बंद ठेवणारी यंत्रणा कितीही उत्तम असली, तरी ट्रेलर ओढून नेणाऱ्याला ती आड येत नाही, कारण ट्रेलरला इंजिनच नसते. त्याचप्रमाणे किंगपिनचे, म्हणजे ट्रेलर घोड्याला ज्या पिनेने जोडला जातो तिचे, कुलूप मागचे दार उघडणाऱ्याला थांबवत नाही. आपल्या धंद्यात यांपैकी कोणता धोका सर्वांत मोठा आहे, हे कागदावर लिहून काढावे आणि खर्चाची सुरुवात तिथून करावी. आंतरखंडीय कंटेनर ओढणाऱ्याची, शीतपेटीचा ट्रेलर चालवणाऱ्याची आणि उघड्या ट्रकमधून लोखंडी सळया नेणाऱ्याची यादी सारखी असणार नाही.

२. वाहनाच्या ओळखीची फाइल आजच तयार करा

चोरी झाल्यावर पहिल्या तासात जी माहिती मागितली जाते, ती त्या क्षणी शोधत बसणे म्हणजे हातचा सर्वांत मोलाचा वेळ घालवणे होय. फाइलमध्ये पुढील गोष्टी असाव्यात:

- ट्रक आणि ट्रेलर या दोन्हींच्या नोंदणी कागदपत्रांच्या प्रती, विमा पॉलिसी आणि विमा कंपनीचा दावा नोंदवण्याचा क्रमांक
- दोन्हींचे चॅसी क्रमांक आणि ट्रकचा इंजिन क्रमांक, वाहनावरून स्वतः वाचून घेतलेले आणि फोटोसह
- शीतयंत्र, बॅटऱ्या, टायर आणि ट्रॅकर यांचे अनुक्रमांक
- चारही बाजूंचे, छताचे आणि केबिनच्या आतील भागाचे स्पष्ट फोटो
- खरचटे, पोचे, डागडुजीच्या खुणा, वेगळ्या रंगाचा पत्रा यांसारख्या खास ओळखीचे जवळून घेतलेले फोटो
- खरेदीची पावती, कर्ज असल्यास कर्जदात्या संस्थेचा तपशील आणि चाव्यांची संख्या

आधुनिक वाहनांचा आंतरराष्ट्रीय पद्धतीचा ओळख क्रमांक १७ अक्षरांकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरली जात नाहीत, कारण ती १ आणि ० या अंकांशी गल्लत करतात. तक्रारीत घाईघाईने शून्याच्या जागी ओ लिहिले गेले, तर नोंदींच्या शोधात वाहन सापडणारच नाही. कंटेनरची ओळख वेगळी असते: चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी चौकटीतला एक पडताळणी अंक. कंटेनर ज्या चॅसी-ट्रेलरवर ठेवला आहे, त्याचा क्रमांक स्वतंत्र असतो आणि तोही लिहून ठेवलेला असावा. कंटेनर वरून उचलून दुसरीकडे नेला, की मागे उरलेला चॅसी-ट्रेलर शोधताना नुसत्या कंटेनरच्या क्रमांकाचा काही उपयोग होत नाही.

पाटी बदलली आणि रंग फासला तरी वाहन ओळखता यावे, म्हणून दोन कामे करावीत. ट्रेलरच्या छतावर मोठ्या अक्षरांत आपला क्रमांक रंगवावा. जमिनीवरून तो दिसत नाही, त्यामुळे चोराच्या लक्षात येत नाही, मात्र उंच इमारतीवरून, ड्रोनमधून किंवा हेलिकॉप्टरमधून तो वाचता येतो. दुसरे म्हणजे चॅसीच्या आतल्या बाजूला, सहज नजरेस न पडणाऱ्या दोन-तीन ठिकाणी चॅसी क्रमांकाचे शेवटचे अंक कोरून घ्यावेत आणि त्या जागा फक्त फाइलमध्ये नोंदवाव्यात. मूळ क्रमांकाच्या जागी मात्र कोणतेही काम करू नये, कारण तिथे केलेली छेडछाड अनेक ठिकाणी गुन्हा ठरते.

सापळा: ही फाइल केबिनमध्ये ठेवू नका. वाहनाबरोबर तीही जाईल. एक प्रत कार्यालयात, एक मोबाइलमध्ये आणि एक घरातल्या किंवा धंद्यातल्या दुसऱ्या विश्वासू माणसाकडे असावी.

३. चाव्यांना शिस्त लावा

हे काम बिनखर्चाचे आहे आणि तरीही सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. पुढच्या चालकाला सोयीचे पडावे म्हणून चावी टायरवर, बंपरच्या मागे किंवा बॅटरीच्या पेटीत ठेवण्याची सवय अनेक यार्डांत दिसते. ती जागा जशी तुमच्या चालकाला ठाऊक असते, तशी यार्डात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. चाव्या भिंतीत पक्क्या बसवलेल्या पेटीत असाव्यात, घेताना आणि ठेवताना सही व्हावी आणि चावीच्या बिल्ल्यावर वाहनाचा नोंदणी क्रमांक न लिहिता फक्त आपल्याला कळणारी खूण असावी. चालक दोन मिनिटांसाठी उतरला, तरी इंजिन बंद, चावी खिशात आणि दार बंद, यात सूट नसावी. डिझेल भरताना, वजनकाट्यावर किंवा गोदामाच्या फाटकापाशी नोंद करताना सुरू ठेवलेले वाहन म्हणजे चोराला फक्त गिअर टाकायचा उरलेला असतो. अनेक विमा पॉलिसींत चावी आत ठेवून वाहन सोडणे ही दावा नाकारण्याजोगी बाब मानली जाते, म्हणून पॉलिसीतले ते कलम एकदा स्वतः वाचावे.

चालक नोकरी सोडून गेला आणि चावी परत आली नाही किंवा एखादी चावी हरवली, तर ती चावी यंत्रणेतून रद्द करून घ्यावी. इलेक्ट्रॉनिक चाव्यांच्या बाबतीत हे अधिकृत सेवाकेंद्रात करून मिळते. नुसती नवी चावी बनवून घेतल्याने जुनी निकामी होत नाही.

४. ट्रक स्वतः सुरू होऊ नये, याची तजवीज करा

ट्रकमध्ये कंपनीने बसवलेला इमोबिलायझर, म्हणजे योग्य चावीची खूण पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा असेल, तर ती चालू स्थितीत आहे याची खात्री करून घ्या. जुन्या ट्रकमध्ये ती नसल्यास वेगळी बसवून घेता येते. त्याखेरीज तीन साध्या गोष्टी उपयोगी पडतात. पहिली म्हणजे बॅटरीचा प्रवाह तोडणारा, चावीने बंद होणारा मुख्य स्विच. दुसरी म्हणजे केबिनमधल्या पार्किंग ब्रेकच्या बटणावर बसणारे कुलूप. हे बटण दाबल्याशिवाय ब्रेकमध्ये हवा भरत नाही आणि ब्रेक सुटत नाहीत, त्यामुळे इंजिन सुरू करता आले तरी ट्रक हलवणे अवघड होते. तिसरी म्हणजे निदानयंत्र जोडण्याच्या सॉकेटचे संरक्षण. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या ट्रकमध्ये या सॉकेटला उपकरण जोडून नव्या चावीची नोंद करवून घेण्याची चोरांची पद्धत आहे. त्या सॉकेटला कुलपाचे झाकण बसवणे किंवा सॉकेटच दुसऱ्या, न सुचणाऱ्या जागी हलवून घेणे, हा स्वस्तातला आणि चांगला उपाय आहे.

दुरून इंजिन बंद करणारी सोय अनेक ट्रॅकरबरोबर मिळते. ती बसवणाऱ्याला एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी: चालू वाहनाचे इंजिन मध्येच बंद पडता कामा नये, तर ते एकदा थांबल्यावर पुन्हा सुरू होऊ नये, अशीच जोडणी हवी. धावत्या, भरलेल्या ट्रकचे इंजिन अचानक बंद पडले, तर स्टीअरिंग जड होते, ब्रेकसाठी हवा भरणारा काँप्रेसर थांबतो आणि रस्त्यावरच्या निरपराध माणसांचा जीव धोक्यात येतो. वाहनासाठी कोणाचा प्राण पणाला लागू देऊ नये.

५. ट्रेलरकडे सर्वाधिक लक्ष द्या

माझ्या मते नवे मालक सर्वांत मोठी चूक इथे करतात. ट्रकला अलार्म, ट्रॅकर आणि विमा असे सगळे असते, आणि भरलेला ट्रेलर मात्र पाय (घोडा काढल्यावर पुढचा भाग तोलणारे टेकू) टेकवून मोकळ्या मैदानात उभा असतो. त्याला चावी नसते, काच नसते, अलार्म नसतो. जुळणारा घोडा घेऊन आलेल्या सराईत माणसाला फिफ्थ व्हील, म्हणजे घोड्याच्या मागच्या बाजूचा जोडणीचा तवा, किंगपिनखाली सरकवणे, हवेचे पाइप आणि विजेची तार जोडणे आणि पाय वर घेणे एवढीच कामे करायची असतात आणि ती काही मिनिटांत होतात. दुरून पाहणाऱ्याला त्यात संशयास्पद असे काहीच वाटत नाही, कारण रोजच्या कामाचे दृश्यही तंतोतंत तेच असते.

*किंगपिनचे कुलूप.* ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली जी जाड पिन असते, तिच्यावर हे कुलूप चढते आणि मग फिफ्थ व्हीलच्या जबड्यात पिन बसू शकत नाही. किंगपिनचे दोन प्रचलित आकार आहेत, २ इंच आणि ३.५ इंच. २ इंचाची पिन सर्वाधिक आढळते आणि ३.५ इंचाची अतिजड मालाच्या ट्रेलरना असते. कुलूप विकत घेण्याआधी आपली पिन मोजावी. कुलूप चढवल्यावर ते दोन्ही हातांनी धरून खाली ओढून पाहावे आणि फिरवून पाहावे. थोडे फिरले तर चालते, मात्र ते खाली सरकता कामा नये. पिनवर ग्रीस असल्याने नवखा माणूस हात घालायला कचरतो आणि कुलूप अर्धवट अडकवून निघून जातो. म्हणून कुलपाबरोबर हातमोजे आणि फडके ठेवायला सांगा. कुलपाचा रंग भडक असावा. दुरूनच ते दिसले, तर चोर पुढच्या ट्रेलरकडे वळण्याची शक्यता वाढते, आणि तुमचा चालकही ते काढायला विसरून घोडा मागे घालत नाही.

*हवेच्या जोडणीचे कुलूप.* ट्रेलरच्या पार्किंग ब्रेकची रचना अशी असते, की हवा नसताना जोरदार स्प्रिंग ब्रेक दाबून धरतात आणि पुरवठ्याच्या पाइपातून हवा आली की ते सुटतात. म्हणून पुरवठ्याच्या तोंडावर कुलूप बसवले, की चोराला पाइप जोडता येत नाही आणि ट्रेलरची चाके अडकलेलीच राहतात. ब्रेक सोडवण्याच्या इतर वाटा आहेत, पण त्यांसाठी ट्रेलरखाली शिरावे लागते आणि वेळ मोडावा लागतो, आणि आपल्याला हवे आहे ते हेच. स्प्रिंग ब्रेक नसलेल्या जुन्या ट्रेलरच्या बाबतीत मात्र या कुलपावर विसंबू नये, कारण टाकीतली हवा उतरली की त्याची चाके मोकळी होऊ शकतात. आपल्या ट्रेलरवर कोणती रचना आहे, हे मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या.

किंगपिन आणि हवेची जोडणी ही दोन्ही कुलपे एकत्र वापरावीत. त्यांखेरीज पाय वर घेण्याच्या हँडलला आणि चाकाला लावण्याची कुलुपेही मिळतात. दीर्घकाळ एका जागी उभ्या राहणाऱ्या ट्रेलरसाठी ती घ्यावीत, रोज जोडल्या-सोडल्या जाणाऱ्या ट्रेलरसाठी नकोत. लावायला कंटाळवाणी असलेली सुरक्षा आठवड्याभरात कोणी लावत नाही.

*मागचे दार आणि सील.* मागच्या दाराला लांब कडीचे साधे कुलूप लावले, तर कटरला धरायला जागा मिळते. कडी पूर्ण झाकली जाते असे गोल, जाड कुलूप किंवा दोन्ही दारांच्या उभ्या दांड्यांना एकत्र आवळणारी आडवी पट्टी घ्यावी. सील म्हणजे कुलूप नव्हे. सीलचे काम दार उघडले गेले होते का, हे सांगणे एवढे आहे. बोल्ट सील घेताना आयएसओ १७७१२ या मानकाप्रमाणे ‘एच’, म्हणजे सर्वोच्च वर्गाचे घ्यावे. त्याच मानकातले ‘एस’ आणि ‘आय’ हे वर्ग त्याहून कमी ताकदीचे आहेत.

सील नुसते पाहू नये, हाताने तपासावे. ते धरून जोरात ओढावे, पिळावे, त्याचा क्रमांक मोठ्याने वाचून कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. सराईत चोर सीलला हातच लावत नाहीत. ते हँडल ज्या रिव्हेटने किंवा बोल्टने दाराला जोडलेले असते तो काढतात, हँडल सीलसकट बाजूला वळवतात, माल काढतात आणि त्याच जागी नवा रिव्हेट ठोकतात. आमच्या यार्डात आलेल्या एका ट्रेलरवर सील शाबूत होते, क्रमांक बरोबर होता. मात्र हँडलच्या चार रिव्हेटांपैकी एकावर मळ नव्हता आणि त्याच्याभोवतीचा रंग ताजा खरवडलेला होता. दार उघडल्यावर पुढच्या रांगेमागच्या पेट्या नव्हत्या. म्हणून सील पाहताना बिजागऱ्या, रिव्हेट आणि दाराच्या दांड्यांचे पकडही पाहावेत. एखादा भाग बाकीच्यांपेक्षा चकचकीत दिसला, तर माल उतरवण्याआधी फोटो घ्यावेत आणि पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे कळवावे. एकदा सही करून माल ताब्यात घेतला, की चोरी कोणाच्या ताब्यात असताना झाली हे सिद्ध करणे फार अवघड होते.

६. ट्रॅकर बसवा आणि त्याच्या मर्यादा ओळखा

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचे संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेले असतात. त्यामुळे लहानसा जॅमरही त्यांना दडपून टाकू शकतो. अनेक देशांत जॅमर वापरणे बेकायदा आहे, पण वाहन चोरायला निघालेला माणूस ते मनावर घेणार नाही. त्यामुळे एका ट्रॅकरवर विसंबून राहू नये.

माझा आग्रह असा असतो, की प्रत्येक ट्रकवर दोन ट्रॅकर असावेत: एक वाहनाच्या बॅटरीवर चालणारा आणि दुसरा स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, वेगळ्या ठिकाणी दडवलेला. पहिला सापडला आणि तोडला, की चोर बहुधा शोध थांबवतो. ट्रॅकर निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात: वीज तोडली गेल्यास तो लगेच इशारा देतो का, जॅमर सुरू झाल्याचे तो ओळखतो का आणि उपग्रहाचा संदेश मिळत नसताना मोबाइल टॉवरवरून अंदाजे ठिकाण सांगतो का. ट्रॅकर जाड पत्र्याच्या पेटीत बंद करू नये, कारण संदेश आत पोहोचत नाही. प्लास्टिकच्या आवरणामागची जागा बरी.

ट्रेलरच्या ट्रॅकरमध्ये एक खास सापळा आहे. ट्रेलरला कायम वीज मिळत नसल्याने त्याचा ट्रॅकर बॅटरी वाचवण्यासाठी दिवसातून एक-दोनदाच ठिकाण कळवेल, अशी मांडणी करून विकला जातो. मालक ॲप उघडतो, नकाशावर ट्रेलर यार्डातच दिसतो आणि प्रत्यक्षात तो आदल्या रात्रीच गेलेला असतो. म्हणून हालचाल सुरू होताच जागा होणारा आणि मग दर काही मिनिटांनी ठिकाण पाठवणारा ट्रॅकरच घ्यावा आणि ही मांडणी सुरू आहे ना, हे स्वतः तपासावे.

नकाशावर यार्डाभोवती आणि ठरलेल्या मार्गाभोवती सीमा आखता येते व ती ओलांडली की इशारा येतो. तो एकाच माणसाच्या फोनवर येऊ देऊ नका. रात्री फोन बंद असेल, तर इशारा पहाटे वाचला जाईल. दोन माणसे ठरवा आणि इशारा आल्यावर कोणी कोणाला फोन करायचा, हे लिहून ठेवा. वर्षातून काही वेळा, कोणाला न सांगता, वाहन सीमेबाहेर नेऊन पाहा. इशारा आला का, किती वेळात आला आणि त्यावर कोणी काय केले, यावरून तुमच्या व्यवस्थेची खरी स्थिती कळेल.

७. उभे करण्याची जागा विचारपूर्वक निवडा

उजेड, कुंपण, एकच फाटक, पहारा आणि नोंद ठेवणारे कॅमेरे असलेली जागा मिळत असेल, तर तिच्यासाठी चार पैसे अधिक मोजावेत. मालवाहतुकीच्या सुरक्षेसाठी १९९७ मध्ये स्थापन झालेल्या टापा या संघटनेने ट्रकच्या वाहनतळांसाठीही सुरक्षा-मानके तयार केली आहेत. मोठ्या मार्गांवर अशी प्रमाणित जागा उपलब्ध आहे का, हे निघण्याआधी पाहावे.

अशी जागा नसेल, तर निदान उभे करण्याची पद्धत तरी सांभाळावी. मागचे दार भिंतीला किंवा दुसऱ्या ट्रेलरच्या मागच्या दाराला इतके टेकवून उभे करावे, की ते उघडता येणार नाही. शेवटच्या अंधाऱ्या कोपऱ्यापेक्षा दिव्याखालची, वर्दळीची जागा घ्यावी, जरी तिथे झोप नीट लागत नसली तरी. यार्डात भरलेले ट्रेलर आतल्या रांगेत आणि रिकामे बाहेरच्या रांगेत ठेवावेत, म्हणजे भरलेला काढण्याआधी रिकामा हलवावा लागतो. कॅमेरा फाटकावर असा लावावा, की वाहनाची पाटी आणि चालकाचा चेहरा या दोन्ही गोष्टी रात्रीही वाचता येतील. यार्डाचे सगळे मैदान टिपणाऱ्या आणि कशाचाच तपशील न दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा पोलिसांना काही उपयोग होत नाही.

शनिवार-रविवार आणि सलग सुट्ट्या यांकडे विशेष लक्ष असावे. शुक्रवारी संध्याकाळी सोडलेला ट्रेलर सोमवारी सकाळपर्यंत कोणी पाहणार नसेल, तर चोराला दोन दिवस मिळतात. सुट्टीत भरलेले वाहन उभे राहणार नाही, असे वेळापत्रक आखावे. ते अशक्य असेल, तर दिवसातून दोन वेळा कोणीतरी जाऊन हाताने कुलपे तपासण्याची जबाबदारी नावानिशी द्यावी.

८. प्रवासातले नियम चालकाबरोबर बसून ठरवा

माल भरल्यानंतरचे पहिले काही तास सर्वांत जोखमीचे असतात, कारण टोळ्या गोदामापासूनच पाठलाग करतात आणि चालक पहिल्यांदा थांबण्याची वाट पाहतात. उत्तर अमेरिकेतल्या वाहतूकदारांत पहिले २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर, न थांबता जाण्याचा संकेत आहे. आपल्याला नेमके तेवढे अंतर पाळता येईलच असे नाही, मात्र तत्त्व पाळता येते: चालकाने जेवण, आंघोळ आणि डिझेल ही कामे माल भरण्याआधी उरकावीत आणि विश्रांतीच्या वेळांचे कायदेशीर नियम मोडल्याशिवाय पहिला टप्पा जितका लांब करता येईल तितका करावा. त्यासाठी माल भरायला येण्याआधी त्याची झोप पूर्ण झालेली असली पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

माल काय आहे, कुठे चालला आहे आणि कधी पोहोचणार, हे ढाब्यावर, फोनवर मोठ्याने किंवा समाजमाध्यमांवर सांगू नये. कोणी रस्त्यात हात दाखवून टायर किंवा दार उघडे असल्याचे सुचवले, तर तिथेच न थांबता उजेडाच्या, माणसांच्या ठिकाणी जाऊन पाहावे. थांबल्यावर परत निघताना वाहनाला एक फेरी मारावी आणि सील, कुलपे, हवेच्या जोडण्या व डिझेलच्या टाकीचे झाकण हाताने तपासावे.

चालकाकडे संशयाने पाहत हे नियम सांगू नका. तो तुमच्या वाहनाचा सर्वांत जवळचा रक्षक आहे आणि जी व्यवस्था त्याच्या सहभागाशिवाय आखली जाते, ती तो पाळत नाही. नोकरीवर घेताना परवाना, ओळख आणि आधीच्या मालकांचे मत यांची पडताळणी नीट करावी, आणि एकदा घेतल्यावर त्याला विश्वासात घ्यावे. शस्त्र दाखवून लूट झाली, तर वाहन आणि माल सोडून द्यायचा, प्रतिकार करायचा नाही आणि त्याबद्दल त्याला कधीही बोल लावला जाणार नाही, हे त्याला आधीच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.

९. कागदावरून होणारी चोरी ओळखा

अलीकडे कुलपाला हात न लावता होणाऱ्या चोऱ्याही होतात. चोर एखाद्या खऱ्या वाहतूकदाराचे नाव आणि कागदपत्रे वापरून भाडे मिळवतो, स्वतःचे वाहन गोदामात आणतो, माल रीतसर भरून घेतो आणि नाहीसा होतो. आपल्याला मिळालेल्या भाड्यासाठी दुसऱ्या वाहतूकदाराचे वाहन लावताना म्हणूनच चौकशी कडक असावी. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करू नका. सरकारी नोंदीतून किंवा जुन्या पत्रव्यवहारातून मिळालेल्या क्रमांकावर करा. ईमेल पत्त्यातले एखादे अक्षर बदललेले आहे का, ते पाहा. बाजारभावापेक्षा फार कमी भाडे, शेवटच्या घटकेला बदललेले वाहन किंवा चालक, आणि माल निघाल्यावर पोहोचवण्याचा पत्ता बदलण्याची सूचना, ही तिन्ही धोक्याची चिन्हे आहेत.

माल ताब्यात देताना चालकाचा परवाना, त्याचा फोटो, ट्रक व ट्रेलर दोन्हींच्या पाट्या आणि सील क्रमांक यांची नोंद घ्या. आधी कळवलेल्या तपशिलाशी एक गोष्ट जरी जुळली नाही, तरी माल भरणे थांबवा. पलीकडचा माणूस कितीही घाई करो, या चोऱ्या त्या घाईच्याच आधाराने होतात.

१०. चोरी झालीच, तर या क्रमाने पुढे जा

प्रथम चालक सुखरूप आहे का, ते पाहा. मग वाहन कर्जदात्या संस्थेने किंवा वाहतूक यंत्रणेने हलवलेले नाही ना, यार्डात दुसऱ्या कोणी जागा बदललेली नाही ना, याची झटपट खात्री करा. त्यानंतर पोलिसांना कळवा आणि फाइलमधले क्रमांक वाचूनच सांगा. ट्रक आणि ट्रेलर दोन्ही गेले असतील, तर दोन्हींचे क्रमांक तक्रारीत स्वतंत्रपणे येतील असे पाहा, कारण चोर त्यांना बहुधा लवकरच वेगळे करतात आणि ज्याची नोंदच नाही, ते सापडूनही ओळखले जात नाही. तक्रारीची प्रत आणि क्रमांक घ्या. ट्रॅकर चालू असेल, तर त्याचे ठिकाण पोलिसांना सतत कळवत राहा. स्वतः पाठलाग करू नका.

विमा कंपनीला त्याच दिवशी, लेखी कळवा, कारण बहुतेक पॉलिसींत विलंबाबद्दल अट असते. मालाचा मालक, कर्जदाती संस्था आणि इंधन कार्ड देणारी संस्था यांनाही सांगा आणि ते कार्ड लगेच बंद करवून घ्या. फाटकावरच्या आणि शेजारच्या कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांना लेखी विनंती करून ते जपून ठेवायला सांगा.

वाहन सापडल्याची बातमी आली, तर पोलीस सांगत नाहीत तोवर केबिनला किंवा दाराला हात लावू नका, कारण तिथे ठसे असू शकतात. ताब्यात घेताना फाइलमधले फोटो शेजारी धरून प्रत्येक क्रमांक आणि लपवलेल्या खुणा तपासा, कमी असलेल्या भागांची यादी करा आणि तिच्यावर ताबा देणाऱ्या अधिकाऱ्याची सही घ्या. वाहन रस्त्यावर आणण्याआधी ब्रेक, स्टीअरिंग आणि टायर मेकॅनिककडून तपासून घ्या, सगळ्या चाव्या आणि कुलपे बदला, आणि चोरीची नोंद यंत्रणेतून काढली गेल्याचा लेखी पुरावा मिळवा. तो नसेल, तर पुढच्याच तपासणी नाक्यावर तुमच्या चालकाला स्वतःच्याच ट्रकसाठी अडवून ठेवले जाईल.